पीडीला घाबरू नका. पण ग्रामीण रुग्णालयात कल्चरची बाटली ठेवा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

तालुक्यातालुक्यात डायलिसिसची यंत्रे हवीत, ही मागणी आपल्या दैनिकात वरचेवर छापून येते आणि ती रास्तच आहे. मात्र त्या चर्चेत घरी करायच्या डायलिसिसचा, म्हणजे पोटातल्या पेरिटोनियल डायलिसिसचा (थोडक्यात पीडीचा), विषय फारसा निघत नाही. कुणी काढलाच, तर लगेच ऐकू येते, "नको, त्यात इन्फेक्शन होते." माझे यजमान पीडीवर आहेत आणि त्यांच्या पिशव्या मी बदलते. देवरूखच्या पुढे, आंबा घाटाच्या अलीकडे आमचे गाव आहे. निवृत्त होईपर्यंत मी अंगणवाडी सेविका होते. इन्फेक्शनच्या भीतीपायी माझ्या ओळखीची माणसे आठवड्यातून तीनदा पहाटेची एसटी धरतात, मशीनवर चार तास पडून राहतात आणि रात्री घरी येतात. ज्यांना मशीनच योग्य आहे त्यांच्याबद्दल मी बोलत नाही, ते डॉक्टर ठरवतील. पण ज्यांना डॉक्टरांनी दोन्ही पर्याय दिले होते आणि ज्यांनी केवळ भीतीने घरचा पर्याय सोडला, त्यांच्यासाठी आणि आपल्या आरोग्य खात्यासाठी हे पत्र लिहीत आहे.

आधी भीती कशाची ते सांगते. आतड्यांवर आणि पोटाच्या आतल्या बाजूला एक पातळ अस्तर असते. बेंबीजवळ बसवलेल्या मऊ नळीतून दोन लिटर औषधी पाणी पोटात सोडायचे. चार-सहा तासांत रक्तातली घाण त्या अस्तरातून पाण्यात उतरते. मग ते पाणी काढून टाकायचे आणि नवे भरायचे. आमच्याकडे हे दिवसातून चार वेळा चालते, प्रत्येक वेळी अर्धा तास. म्हणजे वर्षाला दीड हजाराच्या आसपास वेळा ती नळी उघडते आणि पुन्हा बंद होते. त्यातल्या एखाद्या वेळी हाताचे, नाकातोंडाचे किंवा हवेतल्या धुळीचे जंतू आत गेले, तर त्या अस्तराला सूज येते. तिला पेरिटोनायटिस म्हणतात. पोट दुखते, ताप येतो आणि बाहेर येणारे पाणी गढूळ होते. वारंवार झाले तर अस्तर निकामी होते आणि घरचा डायलिसिस सोडून मशीनवर जावे लागते. काही वेळा माणूस दगावतोही. त्यामुळे भीती खोटी आहे असे मी म्हणणार नाही. मी एवढेच म्हणते की, हे टाळण्याचे बहुतेक उपाय मातीच्या घरातही पाळता येतात, आम्ही पाळतो. जे उपाय आमच्या हातात नाहीत ते सरकारच्या आणि डॉक्टरांच्या हातात आहेत, आणि तिथे मात्र मोठी उणीव आहे.

आमच्या हातातले आधी. कोल्हापूरच्या रुग्णालयात नळी बसवण्यापूर्वी सर्जननी यजमानांना उभे केले, बसवले, लेंग्याची नाडी आणि करगोटा कुठे येतो ते पाहिले आणि मगच पोटावर पेनाने खूण केली. नाडीखाली नळी आली तर ती जागा रोज घासली जाते, सोलवटते आणि तिथूनच जंतू शिरतात. बायकांच्या बाबतीत परकराची नाडी तशीच पाहायला हवी. शस्त्रक्रियेच्या वेळी शिरेतून अँटिबायोटिकचा डोस दिला आणि जखम भरेपर्यंत साधारण दोन आठवडे थांबून मग पिशव्या सुरू केल्या. नळी बसवायला जाणाऱ्या प्रत्येकाने नाडीची गोष्ट स्वतःहून विचारावी, कारण एकदा नळी बसली की जागा बदलायला पुन्हा शस्त्रक्रिया लागते.

घरात आम्ही पश्चिमेकडची एक खोली त्यासाठी वेगळी केली. खोली म्हणजे पूर्वीची अडगळच होती. पोपडे काढून ऑइलपेंट दिला, फरशी घातली, एक टेबल ठेवले जे पुसता येते. पिशवी बदलताना खिडकी बंद, पंखा बंद, दाराला कडी, दोघांच्याही तोंडाला मास्क. उन्हाळ्यात घामाच्या धारा लागतात, तरी पंखा लावत नाही. हातातल्या बांगड्या आणि अंगठी मी काढून ठेवते. सुरुवातीला शेजारणींनी त्यावरून नावे ठेवली. सवाष्णीने बांगड्या उतरवायच्या म्हणजे काय! मी त्यांना सांगितले, ज्यांच्यासाठी घालते त्यांच्यासाठीच उतरवते. त्यानंतर कुणी विषय काढला नाही.

हात धुणे हा या सगळ्याचा पाया आहे. अंगणवाडीत मुलांना मी वर्षानुवर्षे हात धुवायला शिकवले, पण हात कोरडे करण्याचे महत्त्व मला पीडीच्या सिस्टरने शिकवले. ओल्या हातावरून जंतू कोरड्या हातापेक्षा कितीतरी सहज दुसरीकडे जातात. आणि कोकणातल्या पावसाळ्यात टॉवेल वाळतो कुठे? आषाढात दांडीवरचा टॉवेल तीन दिवसांनीही दमटच असतो, त्याला वास येतो. तसल्या टॉवेलला हात पुसणे म्हणजे धुतलेले पुन्हा मळवणे. म्हणून आम्ही कागदी नॅपकिन वापरतो, त्यावर हातावर चोळायचे सॅनिटायझर. साबणाची वडीही त्या खोलीत नाही. ओल्या साबणदाणीत वडी भिजत पडते, त्यापेक्षा बाटलीतला साबण बरा.

पिशव्या तापवण्याबद्दल मुद्दाम लिहिते, कारण याबाबत गावोगाव चूक होताना मी ऐकले आहे. पिशवी बादलीतल्या कढत पाण्यात बुडवून गरम करतात. सोपे वाटते, पण त्या पाण्यातले जंतू पिशवीच्या तोंडाशी राहतात आणि जोडताना आत जाऊ शकतात. विहिरीच्या पाण्यात सापडणारे काही जंतू असे चिवट असतात की शेवटी नळीच काढावी लागते. आम्ही शेक घ्यायच्या विजेच्या पिशवीवर, कोरड्या उष्णतेने तापवतो. वीज गेली, आणि आमच्याकडे ती जातेच, तर आहे तशी पिशवी वापरतो. पोटात गार लागते, थोडे कसेसे होते. पण पाण्यात बुडवण्याचा धोका पत्करण्यापेक्षा ते सहन करावे, असे मला सिस्टरनेच सांगितले आहे.

नळी जोडल्यावरची एक पायरी अनेकांना फुकटची वाटते, तिच्याबद्दलही लिहायला हवे. नव्या पिशवीतले थोडे पाणी पोटात न सोडता आधी सरळ खालच्या रिकाम्या पिशवीत जाऊ द्यायचे. जोडताना टोकाला काही लागले असेल तर ते तिथूनच वाहून जाते. १९७६ मध्ये अमेरिकेतल्या पोपोविच आणि मॉनक्रिफ यांनी ही चालती-फिरती पद्धत मांडली, तेव्हा औषध काचेच्या बाटल्यांतून येई आणि इन्फेक्शन फार होत असे. मग टोरोंटोच्या ओरिओपोलस यांनी प्लास्टिकची पिशवी वापरात आणली. पुढे इटलीतल्या डॉक्टरांनी आधी धुऊन मग भरायची ही वाय आकाराच्या नळीची युक्ती काढली आणि इन्फेक्शन झपाट्याने कमी झाले. आज "पीडीत इन्फेक्शन होते" म्हणणारे पुष्कळजण त्या जुन्या बाटल्यांच्या काळातले ऐकीव बोलत असतात. पाणी वाया जाते म्हणून ही पायरी कुणीही गाळू नये.

शेवटी आयोडिनचे नवे झाकण लावायचे, जुने पुन्हा नाही. आणि एवढे करूनही कधी टोक कपड्याला लागले, झाकण निसटले, नळीला चीर दिसली, तर नळीचा क्लॅम्प, म्हणजे चिमटा, तत्काळ बंद, नवे झाकण आणि केंद्राला फोन. नळीचा पुढचा तुकडा बदलावा लागतो. पाणी पोटात गेले असेल तर अँटिबायोटिकही देतात. हे लपवायचे नाही. सुनेने लपवले, सासूने ओरडू नये म्हणून सांगितले नाही, अशा घरांत माणसे आजारी पडतात. पीडीच्या घरात चूक सांगणाऱ्याला कुणी रागावता कामा नये, हा नियम मी भिंतीवर लिहून ठेवला आहे.

नळी पोटातून बाहेर येते ती जागा आम्ही रोज पाहतो. लाली, पू, खपली, दुखरेपणा काही आहे का? रोज स्वच्छ करून डॉक्टरांनी दिलेली म्युपिरोसिनची क्रीम लावायची, नळी पट्टीने पोटाला चिकटवून ठेवायची म्हणजे ती ओढली जात नाही. जवळ कात्री न्यायची नाही. त्या जागेला हळद लावा, खोबरेल लावा, अंगारा लावा, असे प्रेमाने सांगणारी माणसे आमच्याकडे आहेत. त्यांच्या भावनेचा मला आदर आहे, पण हळद निर्जंतुक नसते. अंगारा आम्ही कपाळाला लावतो, जखमेला नाही. नदीत, तळ्यात, समुद्रात अंघोळ बंद. गणपती विसर्जनाला यजमान वहाळाच्या काठावरच थांबतात, पाण्यात मुलगा उतरतो.

गणपती आणि शिमगा हे आमच्या परीक्षेचे दिवस. मुंबईहून सगळे येतात, घर भरते, पडवीत भजन, आत स्वयंपाक. एखादी काकी "बघू तरी कसे करतात" म्हणून दारात उभी राहते. माणुसकी म्हणून नाही म्हणवत नाही. तरी आम्ही कडी लावतोच. आरती थांबते, पण पिशवीची वेळ घाईत उरकत नाही. आमची मांजरीही त्या खोलीत येत नाही. हे नुसते सोवळे समजू नये. मांजरांना लोंबणारी नळी खेळायला आवडते, दात लागले तर नळीला बारीक भोक पडते आणि मांजराच्या तोंडातले जंतू पोटात जातात. पाश्चुरेला नावाच्या त्या जंतूने झालेला पेरिटोनायटिस डॉक्टरांच्या पुस्तकांत नोंदलेला आहे. गोठ्यातले काम करून आलेल्या माणसाने अंघोळ करून, कपडे बदलूनच त्या खोलीत जावे.

आणखी एक गोष्ट कुणी मोकळेपणाने बोलत नाही: पोट साफ होणे. मलावरोध झाला की आतड्यातले जंतू आतड्याची भिंत ओलांडून त्या पाण्यात शिरू शकतात. किडनीच्या रुग्णाला लोहाच्या आणि फॉस्फरस कमी करायच्या गोळ्या असतात, त्यांनी पोट बांधून येते. शिवाय मशीनवरच्या रुग्णांना केळी, नारळपाणी तोडायला सांगतात, ते ऐकून पीडीवरची माणसेही तोडतात. पीडीत उलट पोटॅशियम फार खाली जाण्याची शक्यता असते, आणि ते खाली गेले की आतडी मंदावतात, इन्फेक्शनचा धोका वाढतो. आपले पोटॅशियम किती आहे ते तपासून काय खायचे ते डॉक्टरांकडूनच ठरवून घ्यावे, शेजारच्या रुग्णाचे पथ्य उचलू नये.

आता जे आमच्या हातात नाही त्याबद्दल.

मागच्या पावसाळ्यात एका पहाटे पोटातून निघालेले पाणी मला वेगळे वाटले. आम्ही रोज त्या पिशवीखाली छापील कागद धरतो, बहुतेक वेळा आपलेच वर्तमानपत्र. अक्षरे वाचता आली तर पाणी ठीक. त्या दिवशी मथळा दिसत होता, खालची बारीक अक्षरे पुसट. यजमानांचे पोट थोडे दुखत होते, ताप नव्हता. घाटात दरड आल्याने कोल्हापूरचा रस्ता बंद होता. आम्ही पिशवी तशीच बंद करून जवळच्या एका रुग्णालयात घेऊन गेलो. तिथल्या तरुण डॉक्टरांनी आपुलकीने पाहिले, पण पिशवीचे काय करायचे हे त्यांना माहीत नव्हते. त्यांनी अँटिबायोटिकच्या गोळ्या लिहिल्या आणि दोन दिवसांनी यायला सांगितले. पिशवी टाकून द्या म्हणाले. आमच्या सुनेने तिथूनच कोल्हापूरच्या सिस्टरला फोन लावून डॉक्टरांच्या हातात दिला. त्या डॉक्टरांचे मी आभार मानते, कारण त्यांनी तो घेतला आणि ऐकले. पाण्याचा नमुना आधी घेतला गेला. संध्याकाळपर्यंत रस्ता एकेरी सुरू झाला, आम्ही पलीकडे पोचलो आणि रात्री अँटिबायोटिक थेट पिशवीतून पोटात सुरू झाले. कल्चरमध्ये, म्हणजे नमुन्यातले जंतू वाढवून ओळखायच्या तपासणीत, स्टॅफिलोकॉकस ऑरियस नावाचा जंतू निघाला, जो पुष्कळांच्या नाकात नेहमीच असतो. त्यासाठी तीन आठवडे औषध आणि नाकात मलम. नळी वाचली, अस्तर वाचले.

फोन लागला नसता तर काय झाले असते याचा विचार मी अजून करते. कारण नमुना न घेता गोळी पोटात गेली की नंतर कल्चरमध्ये जंतू अनेकदा उगवत नाही, आणि जंतू कळला नाही तर डॉक्टरांना अंदाजाने औषध द्यावे लागते. इंटरनॅशनल सोसायटी फॉर पेरिटोनियल डायलिसिस या संस्थेच्या २०२२ च्या मार्गदर्शक सूचना माझ्या मुलाने मला मराठीत समजावून सांगितल्या. पाण्यात दर मायक्रोलिटरला १०० हून अधिक पांढऱ्या पेशी आणि त्यांतल्या निम्म्याहून जास्त न्यूट्रोफिल या प्रकारच्या असतील तर पेरिटोनायटिस धरावा, म्हणजे ही तपासणी सूक्ष्मदर्शक असलेल्या कोणत्याही प्रयोगशाळेत होते. कल्चरसाठी पाणी रक्ताच्या कल्चरच्या बाटल्यांत भरावे. निकाल येण्याची वाट न पाहता, नमुना घेताच अँटिबायोटिक पोटात सुरू करावे. आणि पीडीच्या रुग्णाला कुठल्याही कारणाने, अगदी खोकल्यासाठीही, अँटिबायोटिकचा कोर्स दिला तरी सोबत बुरशीविरोधी औषध द्यावे. अँटिबायोटिकनंतर बुरशीचे इन्फेक्शन होऊ शकते आणि ते झाले की नळी काढण्यावाचून गत्यंतर नसते. ही शेवटची गोष्ट आमच्या भागातल्या किती डॉक्टरांना ठाऊक असेल? मी त्यांना दोष देत नाही. त्यांच्याकडे पीडीचा रुग्ण वर्षातून एखादा येतो. म्हणूनच हे लिहून टेबलाच्या काचेखाली असायला हवे.

पंतप्रधान राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रम २०१६ पासून आहे आणि २०१९ मध्ये त्यात पेरिटोनियल डायलिसिससाठीही मार्गदर्शक सूचना आल्या. कागद आहे. आता माझी आरोग्य खात्याला विनंती अशी: प्रत्येक ग्रामीण आणि उपजिल्हा रुग्णालयात कल्चरच्या दोन बाटल्या, पहिल्या डोसची औषधे आणि मराठीत छापलेले एक पान ठेवा. "पाणी गढूळ असेल तर पिशवी टाकू नका, नमुना आधी, औषध पोटातून, किडनीतज्ज्ञाला फोन." याला नवी इमारत लागत नाही, यंत्र लागत नाही. रुग्ण ज्या केंद्रात शिकला त्याचा चोवीस तास लागणारा क्रमांक त्याच पानावर हाताने लिहायला जागा सोडा.

दुसरे, पुन्हा शिकवण्याची सोय करा. पहिल्या महिन्यात आम्ही प्रत्येक पायरी मोठ्याने म्हणत करायचो. वर्षभराने हात आपोआप चालतात आणि पायऱ्या गळू लागतात, हे माणसाच्या स्वभावातच आहे. दर काही महिन्यांनी, आणि इन्फेक्शन झाल्यावर किंवा रुग्णालयातून घरी आल्यावर तर नक्कीच, कुणीतरी जाणत्याने समोर बसून आपले हात पाहायला हवेत. सिस्टरला कोल्हापूरहून दरवेळी येणे शक्य नाही. आमच्या आशाताईंना एक दिवसाचे प्रशिक्षण द्या आणि त्याचा वेगळा मोबदला द्या. मी स्वतः अंगणवाडीत काम केले आहे, बिनमोबदल्याची कामे कशी एकावर एक चढतात ते मला माहीत आहे. तसे आशाताईंच्या बाबतीत करू नका.

तिसरे, पीडी करणाऱ्या प्रत्येक केंद्राने आपल्याकडे इन्फेक्शन किती होते ते दरवर्षी जाहीर करावे. मुलाने समजावलेल्या २०२२ च्या त्या सूचनांमध्ये केंद्राची सरासरी दर रुग्णामागे वर्षाला ०.४० पेक्षा जास्त नसावी असे म्हटले आहे, म्हणजे ढोबळमानाने अडीच वर्षांत एक. कल्चरमध्ये जंतूच न सापडण्याचे प्रमाण १५ टक्क्यांच्या खाली असावे असेही आहे. हे आकडे भिंतीवर लावले, तर "त्यात इन्फेक्शन होते" या वाक्याला खरे उत्तर मिळेल आणि आमच्यासारख्यांना कुठे नळी बसवायची ते ठरवता येईल. ज्या केंद्राचा आकडा चांगला नाही, त्याने काय सुधारले तेही पुढच्या वर्षी कळेल.

खर्चाचे थोडक्यात. पिशव्यांसाठी मदत मिळवताना मास्क, झाकणे, क्रीम, सॅनिटायझर, कागदी नॅपकिन यांचा हिशेब कुणी धरत नाही. महिनाअखेरीला पैसे संपले की घरे याच गोष्टींत काटकसर करतात, तेच झाकण पुन्हा लावतात. मदतीच्या योजनेत पिशवीबरोबर हे सामानही मोजले जावे.

पुढचा पावसाळा जूनमध्ये सुरू होईल आणि घाट पुन्हा कधीतरी बंद पडेल. निदान त्या एका पानाचे आणि दोन बाटल्यांचे काम तरी मे महिन्याच्या आत व्हावे, यासाठी आपण हे पत्र छापावे ही विनंती.

आपली विश्वासू,
एक वाचक
ता. संगमेश्वर, जि. रत्नागिरी